कोंबडा की कोंबडी

वैशाखात आठवड्यातून दोनदा
मी डोणजे फाट्याला जाते,
स्कूटरवर पायाशी बर्फाचा डबा,
आणि ठकूबाई ढेबेंकडून
विज्ञानासाठी करवंदं विकत घेते.

"किती मापटी?"
"अख्खी पाटी."
"येवढ्याचं काय लोणचं घालतीस?"

मी सांगते, पाषाणला आमची प्रयोगशाळा आहे.
तिथे गोठवतो, सुकवतो, दळतो,
पुडीतला रंग नखभर नखभर वेगळा काढतो,
आणि कॅन्सरच्या पेशींवर घालून बघतो.
"मरत्यात?"
"काही मरतात. काही नुसत्या थांबतात.
काही ढुंकूनही बघत नाहीत."
"मंजी मान्सासारखंच," ती म्हणते,
आणि एक करवंद माझ्यापुढे धरते:
"सांग. कोंबडा की कोंबडी?"
"कोंबडा."
ती चावून अर्धं दाखवते. आतून पांढरं.
"कोंबडी! हारलीस."
तोंड उघडून हसली, तेव्हा दिसला
गालाच्या आत
दुधाच्या सायीसारखा एक चट्टा.

आमच्याकडच्या पेशी कुणाच्या तरी जिभेवरच्या.
माणूस केव्हाच गेला असेल.
पेशी सदतीस अंशांवर, गुलाबी पाण्यात,
दर दोन दिवसांनी दुप्पट.
मी त्या मोजते. रंग घातलेल्या, न घातलेल्या.
आकडे बरे आले की इनामदार सर म्हणतात,
"शर्वरी, बशीत तर फिनेलनंही कॅन्सर मरतो.
पेढे नको आणूस."
खरंय. बशीत घालतो तेवढा रंग रक्तात यायचा
तर रोज दीड पाटी खावी लागेल,
आणि त्यातलाही बराचसा
आतडी, यकृत वाटेतच मोडून टाकतात.
तोंडाचं मात्र वेगळं.
तिथे रंग थेट लागतो.
असं वाटतं. वहीत मी "वाटतं" लिहीत नाही.

पाटी रिकामी झाली की ठकूबाई डबी काढते.
तव्यावर भाजलेली मिश्री, तर्जनीवर चिमूट,
हिरड्यांवर सावकाश.
एकाच बोटावर दोन काळे:
एक जाळीतला, एक तव्यावरचा.

"हे सोडा," मी म्हटलं. "आणि तो चट्टा दाखवून या."
"ल्हानपनापास्नं करवंदं खातीय मी.
तुझ्या पुडीत हाय, ते माझ्या तोंडात न्हाई व्हय?"
मला उत्तर आलं नाही.
करवंदं न खाल्लेली ठकूबाई
तुलनेला मी कुठून आणू?
चिठ्ठी लिहून दिली: ससून, बाह्यरुग्ण विभाग,
मंगळवार, सकाळी नऊ.

शुक्रवारी तिने मूठभर करवंदं
वर्ताळा म्हणून पुडीत बांधून दिली.
पुडीचा कागद माझाच होता.
मंगळवारावर जांभळा डाग, नऊ तेवढे शाबूत.
"गेला नाहीत?"
"पाटी कोन बघनार? तू?"

हो, म्हटलं. मी.

आज मंगळवार. ती सातच्या बसने गेली,
डबी कनवटीलाच होती, मी विचारलं नाही.
मी दगडावर बसलेय, डोक्यावर तिचा टॉवेल,
पुढ्यात पळसाचे द्रोण.
गड उतरून आलेला एक घामेजलेला गृहस्थ
मोबाइल पुढे करून विचारतो,
"याने म्हणे कॅन्सर होत नाही. खरं का हो?"
सहा वर्षं मी याच प्रश्नावर पगार घेतेय.
"आंबटगोड आहेत," मी सांगते.
"तीस रुपये मापटं."
तो दोन घेतो. मी वर चार जास्त घालते,
ती घालते तशी.

साडेबाराच्या बसमधून ती उतरली नाही.
दीडच्याही नाही.
चिकाने ओठ चिकटलेत.
पाटीतलं एक करवंद उचलून
दातांत धरलंय,
अजून चावलं नाही.